समुद्रफुलावरचा काचझिंगा

झिंगा म्हटलं की विदर्भातल्या कळंबच्या माणसाच्या डोळ्यांपुढे समुद्र येत नाही. येतो तो आठवडी बाजारात पोत्यावर ओतलेला वाळक्या झिंग्यांचा ढीग आणि त्याचा वास. नाही तर पावसाळा सरल्यावर चक्रावती नदीच्या उथळ पाण्यात उभं राहून जाळं ओढणारे भोई. माझ्या लहानपणी त्या जाळ्याच्या तळाशी, शेवाळ आणि पाचोळ्याच्या गुंत्यात, काहीतरी उड्या मारायचं, ज्याला रंगच नव्हता. आई ते पाणी भरलेल्या वाटीत सोडायची आणि म्हणायची, "पाह्य, पोटातलं सारं दिसते याच्या." खरंच दिसायचं. वाटीच्या तळावरचा ओरखडासुद्धा त्याच्या अंगातून दिसायचा. मग तासाभरात तोच झिंगा दुधाळ व्हायचा आणि तव्यावर पडला की गुलाबी. जिवंत असेतो काच, मेला की दूध, शिजला की गुलाबी, हा क्रम मला तेव्हाच पाठ झाला होता. त्यामागचं कारण कळायला मात्र चाळीस वर्षं गेली, आणि त्यासाठी समुद्रापर्यंत जावं लागलं.

द्वारकेच्या यात्रेला निघालेल्या आमच्या गाडीनं जामनगर सोडल्यावर वाडीनारजवळच्या नराऱ्याला थांबा घेतला. कच्छच्या आखातातलं हे सागरी राष्ट्रीय उद्यान. १९८२ साली जाहीर झालेलं, देशातलं अशा प्रकारचं पहिलं. इथे बोट लागत नाही आणि पाणबुड्याचा पोशाखही लागत नाही. या आखातात भरती-ओहोटीतलं अंतर इतकं मोठं आहे की ओहोटीला समुद्र पार लांब निघून जातो आणि प्रवाळांचा सपाट खडक उघडा पडतो. जाड तळाचे बूट घालून घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जायचं, वाटाड्या दाखवील ते बघायचं, आणि पाणी वळलं की परत फिरायचं.

पाणी मागे सरून काहीतरी उघडं पडणं आम्हा कळंबकरांना अगदीच परकं नाही. आमचा चिंतामणी गणपती जमिनीच्या पातळीच्या खाली बसला आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं, तिथे कुंड आहे, आणि काही वर्षांनी त्या कुंडाचं पाणी चढत चढत मूर्तीच्या पायाला लागतं आणि ओसरतं. लोक म्हणतात, एका तपानं गंगा येते. ती आली की गावोगावची माणसं ते पाणी बघायला लोटतात. नराऱ्याच्या खडकावर उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की आपण ज्याची बारा बारा वर्षं वाट पाहतो ते इथे दिवसातून दोनदा घडतं. पाण्याकडे बघण्याची आमच्याकडची जी सवय आहे, पायरीवर थांबून, न बोलता, ती मी तिथेही नेली. त्या सवयीनंच मला तो झिंगा दिसला, असं मला वाटतं.

वाटाड्यानं एका वाळूच्या खळग्याकडे बोट दाखवलं. तिथे परातीएवढं समुद्रफूल पसरलेलं होतं. याला गालिचा म्हणतात ते उगीच नाही. वाळूवर अंथरल्यासारखी घड्यांची चकती आणि तिच्यावर आखूड, बोथट बोटांची दाट लव. शास्त्रात याचं नाव स्टिकोडॅक्टायला हॅडोनी. नाव फुलाचं, पण हा प्राणी आहे, आणि शिकारी प्राणी. त्या प्रत्येक बोटात दंशपेशी ठासून भरलेल्या असतात. गुंडाळलेल्या विषारी धाग्याची एकेक कुपी. काही टेकलं की धागा सुटतो. समुद्रफुलाचाच दूरचा नातलग असलेल्या हायड्रा या गोड्या पाण्यातल्या जिवात ही सुटका मोजली गेली आहे: सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. आपल्या डोळ्याचं पातं एकदा लवतं तेवढ्यात ती लाखाहून अधिक वेळा होऊन जाईल. वाटाड्यानं सांगितलं, हात लावू नका. आम्ही वाकून नुसतं बघत राहिलो.

बराच वेळ मला त्या गालिच्यावर काही दिसलं नाही. मग खडूचे चार-पाच कपटे दिसले. पाण्यात सुटे सुटे तरंगणारे पांढरे डाग. वाटलं, शिंपल्याचा चुरा असेल. पण ते डाग एकत्र सरकले. त्यांच्यातलं अंतर न बदलता सगळेच्या सगळे बोटभर डावीकडे गेले आणि थांबले. डागांच्या मध्ये काहीही नव्हतं, गालिच्याची बोटं स्वच्छ दिसत होती, आणि तरी ते डाग एकमेकांना बांधलेले होते. त्या क्षणी माझ्या मनानं रिकाम्या जागेत एक शरीर भरलं. एकदा ते भरल्यावर पुन्हा ते न दिसणं शक्य राहिलं नाही.

रसग्रहण करायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी. चांगल्या कवितेत आपण आधी शब्द वाचतो आणि मग शब्दांमधल्या कोऱ्या जागेत अर्थ उभा राहतो. या झिंग्याची रचना नेमकी तशी आहे. त्याच्या अंगाचा बहुतेक भाग कोरा आहे आणि मोजक्या ठिकाणी लिहिलेलं आहे. म्हणून मी आधी लिहिलेलं वाचतो.

मादी मोठी, साधारण दीड इंचाच्या आत-बाहेर. नर तिच्याहून बराच लहान. बहुधा एका समुद्रफुलावर अशी जोडी असते. मादीच्या डोक्याच्या ढालीवर पांढऱ्या रंगाचा भरीव ठसा. झिंग्याची पाठ जिथे वाकते, त्या कुबडावर दुसरा. शेपटीकडे आणखी. नराच्या अंगावर हे पांढरं लिखाण फारच कमी. तो जवळजवळ कोरा कागद. आणि मग शेपटीचा पंखा. तिथे पाच ठिपके आहेत, नारिंगी, आणि प्रत्येकाला गडद काठ. मोराच्या पिसावरचा डोळा आठवावा असे. सगळं अंग पाण्यात विरघळवून टाकणाऱ्या जिवानं शेवटच्या टोकाला पाच ठळक ठिपके का ठेवावेत, याचं उत्तर शोधण्याची घाई मी करणार नाही. एवढं मात्र डोळ्यांना पटतं की पांढरे ठसे आणि हे ठिपके मिळून शरीराची आखीव रेषा मोडून टाकतात. बघणाऱ्याला डाग मिळतात, झिंगा मिळत नाही. मला तो मिळाला तो केवळ चालीमुळे. सगळे डाग एका लयीत चालले म्हणून. तो हललाच नसता तर मी शिंपल्याचा चुरा पाहून परत आलो असतो.

आता कोरी जागा. ती जितकी साधी दिसते तितकी नाही. खडीसाखरेचा खडा हातात धरला तर त्यातून पलीकडचं दिसतं. तोच खडा कुटला की पांढरी पूड. पदार्थ तोच, पण आता प्रकाशाला हजारो कडा लागतात, आणि हवेतून साखरेत, साखरेतून हवेत जाताना तो प्रत्येक कडेवर विखुरतो. आपलं मांस अपारदर्शक आहे ते असंच. पेशी, तंतू, रक्त, चरबी, प्रत्येकाची प्रकाश वाकवण्याची ताकद वेगळी, आणि त्यांच्या सीमांवर प्रकाशाची फाटाफूट. काचझिंग्याचा स्नायू हा न कुटलेल्या खडीसाखरेसारखा आहे: तंतू एकमेकांना इतके लागून की मध्ये प्रकाशाला अडखळायला फट नाही. रक्तही लाल नाही. त्यात लोहाच्या जागी तांबं वाहणारं द्रव्य असतं, आणि त्याला रंग असा फारसा नाहीच. म्हणजे कोरेपण इथे आयतं मिळालेलं नाही. तंतूतंतूला जागेवर ठेवून ते सतत राखावं लागतं.

ते राखावं लागतं याचा पुरावा कॅरिबियन समुद्रातल्या एका भाऊबंदानं दिला आहे. अँसायलोमेनीस पेडरसोनी, समुद्रफुलावरच राहणारा, माशांच्या अंगावरचे परजीवी साफ करणारा काचझिंगा. लॉरा बॅग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की याला शेपटी आपटत वारंवार उसळी मारायला लावली, म्हणजे दमवलं, की तो धूसर होतो. श्रमाबरोबर स्नायूंकडे जास्त रक्त धावतं, ते तंतूंच्या मधल्या फटींत शिरतं, तंतू दूर सरतात, आणि नवी सीमा तयार झाली की प्रकाश विखुरतो. विसावा मिळाला की झिंगा पुन्हा निवळतो. हे वाचलं तेव्हा मी आईच्या वाटीकडे परत गेलो. तो दुधाळ होत जाणारा झिंगा मरणाच्या आधीपासूनच दमत होता. जाळ्यात उसळ्या मारून, वाटीत उसळ्या मारून. आम्ही त्याची दमछाक रंग म्हणून पाहत होतो.

आणि तव्यावरचा गुलाबी? तो रंग आधीपासूनच अंगात असतो, एका प्रथिनाच्या मिठीत बांधलेला. उष्णतेनं प्रथिन उसवतं आणि रंग मोकळा होतो. म्हणजे काचेलाही स्वतःचा रंग होता. तो दाबून ठेवलेला होता.

पण या जिवाच्या रसग्रहणातलं माझं सगळ्यात आवडतं स्थळ पुढे आहे. सगळं अंग पारदर्शक करता येतं, डोळे करता येत नाहीत. दिसायचं म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यानं प्रकाश शोषून घ्यायला हवा. प्रकाश आरपार निघून गेला तर त्यातून काही कळणार नाही. शोषला की ती जागा काळी दिसणारच. म्हणून काचझिंग्याच्या डोक्यावर देठांवर बसलेले दोन गडद मणी राहतातच. हीच गोष्ट पोटाची. अंग काचेचं केलं तरी खाल्लेलं अन्न काचेचं होत नाही. ते घशाखालच्या पिशवीत काळसर गोळा होऊन बसतं. आई जे "पोटातलं सारं दिसते" म्हणायची ते हेच. शत्रूपासून लपण्याच्या या एवढ्या खटाटोपात दोनच गोष्टी लपत नाहीत: बघणं आणि खाणं. ज्या जगण्यासाठी लपायचं, तेच जगणं लपवता येत नाही. पाणी, बोटांची लव, खडूचे कपटे, आणि त्यात दोन काळे मणी माझ्याकडे रोखलेले. हे मी नराऱ्याच्या त्या खळग्यात पाहिलं, आणि तोवर मी त्याला बघत होतो ही माझी समजूत गळून पडली. तो माझ्या कितीतरी आधीपासून मला बघत होता.

झिंगा आणि समुद्रफूल यांच्या नात्याला मैत्री म्हणायची पद्धत आहे. मला ती फसवी वाटते आणि झिंग्याच्या मोठेपणाला उणेपणा आणणारीही. समुद्रफुलाच्या दंशातून झिंगा जन्मतःच सुटलेला नसतो. पेरिक्लायमेनीस या जवळच्या गणातल्या झिंग्यांवर १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की नव्या किंवा दीर्घकाळ सुटलेल्या समुद्रफुलाशी त्यांना पुन्हा सराव करावा लागतो. झिंगा आधी पायाचं टोक लावतो, चटका बसला की मागे सरतो, पुन्हा लावतो. मिशा टेकवतो, कडेकडेनं फिरतो, आणि हळूहळू बोटांच्या लवेत शिरतो. यजमानापासून काही काळ दूर ठेवलं की ही सवलत संपते, सगळं पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे सासरी आलेली मुलगी पहिले काही महिने घरातल्या भांड्यांनाही जपून हात लावते, तशी ही घसट वाढते. तिथेही तिला कुणी प्रेमपत्र दिलेलं नसतं. रोजच्या वावरानं जागा तयार होते.

आणि आत शिरल्यावर तो नुसता पाहुणा राहत नाही. याच काचझिंग्याचा दुसऱ्या एका समुद्रफुलावर अभ्यास करून डॅफ्नी फॉटिन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली या सहवासाचा नफा-तोटा मांडला; त्यात हा झिंगा यजमानाची बोटं खातो हे स्पष्ट झालं. ज्या बोटांच्या आड तो माशांपासून वाचतो, त्याच बोटांची टोकं तो कुरतडतो. काही वाचकांना हे वाचून वाईट वाटेल. मला उलट त्या लहानशा जिवाबद्दल जास्त आदर वाटला. तो एका परातीएवढ्या गावात राहतो. घर, कुंपण आणि कोठार तिन्ही एकच. कोठार रिकामं केलं तर कुंपण जाईल, आणि कुंपणाला भिऊन बसलं तर उपास घडेल. त्या मधल्या चिंचोळ्या जागेत आयुष्य काढायचं, तेही अंगावर एकही गोष्ट झाकून न ठेवता.

नावाकडे येतो, कारण नावात एक हळहळ आहे. या झिंग्याचं शास्त्रीय नाव अँसायलोकॅरिस ब्रेव्हिकार्पालिस. शेंकेल यांनी १९०२ मध्ये सेलेबीसच्या समुद्रातल्या नमुन्यावरून ते दिलं. पहिला शब्द बाकदार झिंगा असं सांगतो, दुसरा आखूड मनगटाचा. आपल्याकडे कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात स्टॅन्ली केम्प यांनी दहा पायांच्या कवचधारी जिवांवर टिपणांची लांबलचक मालिका लिहिली. १९२२ चं त्यांचं टिपण समुद्रफुलं, प्रवाळ आणि शिंपल्यांच्या आश्रयानं राहणाऱ्या झिंग्यांबद्दल आहे, आणि आजही या विषयात शिरणाऱ्याला त्याच्याकडे यावं लागतं. या सगळ्या थोर कामाची सामग्री म्हणजे दारूच्या बरण्यांतले नमुने. दारूत बुडाला की काचझिंगा पांढराफटक होतो. डाग पुसले जातात, नारिंगी ठिपके विझतात, कोरी जागा आणि लिहिलेली जागा यांतला फरकच संपतो. मग मोजायला काय उरतं? मनगट. म्हणून हे नाव. ज्यानं पाण्यात आपलं शरीर नाहीसं करून दाखवलं त्याची जगात नोंद झाली ती आखूड मनगटाचा म्हणून.

पण याच नावानं मला एक नातं दिलं. आमच्या विदर्भातल्या नद्या-तळ्यांत जे झिंगे मिळतात त्यांतले बरेचसे मॅक्रोब्रॅकियम या गणातले. त्या नावाचा अर्थ लांब हातांचा. लांब हातांचा नदीतला आणि आखूड मनगटाचा समुद्रातला हे दोघे एकाच कुळातले आहेत, पॅलेमोनिडी कुळातले. बाजारातल्या पोत्यावरचा ढीग आणि नराऱ्याच्या खळग्यातले ते खडूचे कपटे हे चुलत नात्यातले निघाले. समुद्राशी आपला काय संबंध, असं आमच्याकडे सहज म्हटलं जातं. संबंध आहे. आमच्याच जिल्ह्यात वणीकडे जी चुनखडी निघते ती पैनगंगा गटाची. ती जिथे साचली तिथे समुद्र होता, कुठलाही झिंगा जन्मण्याच्या कितीतरी कोटी वर्षं आधी. आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, समुद्राच्या पोटात, आंग्र्यांच्या नावाचं प्रवाळांचं अख्खं पठार आहे, आंग्रिया बँक. मुंबईत तर ओहोटीच्या वेळी हाजीअली, जुहूच्या खडकांवर समुद्रफुलं बघायला घेऊन जाणारे 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'चे कार्यकर्ते २०१७ पासून फिरताहेत. मराठी माणसाला खडकावर वाकून बघायची सवय लागते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

वाकून बघायचं काय, तर सगळ्यात आधी मादीचं पोट. नराऱ्याच्या त्या मादीच्या पोटाखाली, पोहायच्या पायांच्या मधे, अंड्यांचा घोस होता. झिंग्याची मादी अंडी सोडून देत नाही. ती पोटाशी धरून ठेवते आणि पाय हलवत त्यांच्यावर ताजं पाणी घालत राहते. आई काचेची, म्हणून घोस थेट तिच्या अंगातून दिसतो. पिकायला आल्यावर अंडीही निवळतात आणि आतल्या जिवाचं आधी काय दिसतं, तर डोळे. एकेका अंड्यात दोन काळी टिंबं. पिल्लं फुटली की काही काळ उघड्या समुद्रात तरंगतील आणि मग प्रत्येकाला आपापलं समुद्रफूल शोधावं लागेल. पाणी वळायला लागलं होतं. वाटाड्या हाक मारत होता. मी मोजायचा प्रयत्न करत होतो आणि दर वेळी ती पाय हलवायची, घोस हलायचा, आणि मोजणी चुकायची.

यंदा दिवाळीनंतर चक्रावतीवर गेलो होतो. भोयाच्या जाळ्यातून एक झिंगा मागून घेतला आणि स्टीलच्या वाटीत सोडला. मादी होती, पोटाशी अंडी. नातवाला जवळ बसवलं. तो वाटीवर इतका वाकला की त्याच्या सावलीनं काहीच दिसेना. मग त्याला उन्हाच्या बाजूनं फिरवलं. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, हे बारके बारके आपल्याकडंच पाहून ऱ्हायले." झिंगा दुधाळ व्हायच्या आत आम्ही वाटी नदीत उपडी केली.